एका वावराचे सहा नग

किस्से कोणी जमवत नाही. ते आपोआप साचतात, ऑफिसातल्या कपाटावर जुनी कॅलेंडरं साचतात तसे. टाकून द्यायचा अधिकार कोणालाच नसतो! मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी सकाळी फिरायला गेल्यावर चार जुने सोबती कट्ट्यावर भेटले, की कोणीतरी म्हणतंच, "भाऊसाहेब, ते गव्हाचं सांगा."

मी आधी वैतागतो आणि मग सांगतो. वैतागतो अशासाठी, की एरवी माणसं गहू खातात. त्या गव्हानं माझ्या नोकरीची शेवटची सहा वर्षं खाल्ली.

ऑफिसचं नाव सांगत नाही. सरकारी होतं, पिकापाण्याशी संबंध होता आणि औरंगाबादेत होतं. शहराचं तेव्हा तेच नाव होतं. एवढं पुरे.

* * *

आमचे धारूरकर साहेब परदेशात प्रशिक्षणाला गेले. माणसं तिकडून अत्तरं आणतात, चॉकलेटं आणतात. साहेब एक वेड घेऊन आले. तिथल्या एका संग्रहालयात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं. पिवळाधमक गहू, कडेला काळपट हिरवी उंच झाडं, मागं निळे डोंगर आणि वर घुसळलेलं आभाळ. चित्रकार जगप्रसिद्ध. त्याचं नाव आमच्या ऑफिसात अकरा जणांनी अकरा प्रकारे उच्चारलं, म्हणून मीही घेत नाही.

"भाऊसाहेब," साहेब म्हणाले, "आपल्या भिंती बघवत नाहीत. पिकांवरच्या किडींचे तक्ते लावलेत सगळीकडे! माणूस आत आला की त्याला खाज सुटते. या चित्रकाराच्या उत्तम प्रती मिळतात. सहा खोल्यांना सहा मागवा."

आता नियम असा, की सहा वेगळ्या वस्तू म्हणजे सहा वेगळे प्रस्ताव. प्रत्येकाला वेगळं वर्णन, वेगळी मंजुरी, वेगळं स्पष्टीकरण. एकाच वस्तूचे सहा नग असले, की एकच प्रस्ताव. मी तीस वर्षांचा अनुभवी कारकून होतो. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

खोकी आली. साहेबांनी स्वतःच्या हातानं पहिलं चित्र उघडलं. प्रत खरोखर देखणी होती. जाड, कापडासारखा कागद आणि ब्रशचा एकेक फटकारा दिसेल अशी छपाई. साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी दुसरं उघडलं. मग तिसरं. चौथ्याला डोळे कोरडे झाले.

"भाऊसाहेब, ही सगळी एकच चित्रं आहेत!"

"नाही साहेब," मी म्हणालो, "एकच चित्र आहे. नग सहा."

* * *

चित्रांना फ्रेम हवी. सिटी चौकातल्या एका फ्रेमवाल्याकडे काम दिलं. त्याची हयात देवांच्या तसबिरी आणि वारलेल्या मंडळींचे फोटो बसवण्यात गेली होती. काच स्वच्छ, कोपरे काटकोनात, माणूस वक्तशीर. पाच फ्रेमा बिनचूक झाल्या. सहावीत चित्रातलं सगळ्यात उंच झाड वरून चार बोटं कमी झालं होतं.

साहेब स्वतः दुकानात गेले. मला बरोबर नेलं, कारण रागवायला कोणीतरी सरकारी माणूस जवळ लागतो.

"अहो, याचा शेंडा कुठं गेला?"

फ्रेमवाल्यानं शांतपणे खण उघडला आणि कापलेली पट्टी काढून काउंटरवर ठेवली. "हा काय साहेब, जपून ठेवलाय. लाकूड संपत आलं होतं, फ्रेम चार बोटं लहान झाली."

"म्हणून तुम्ही चित्र कापलंत?"

"चित्राला कुठं हात लावला? गहू सगळा तसाच हाय, मोजून घ्या. झाड होतं, छाटलं!"

शेंडा छाटलेलं चित्र अर्थातच आमच्या कारकुनांच्या खोलीत लागलं.

* * *

सहा खोल्यांत एकच चित्र लागल्यावर पहिले बळी पडले ते बाहेरगावचे लोक. आमच्या दारावरच्या शामरावांना वाट सांगायचा आळस. कोणी काही विचारलं, की ते चित्राकडे बोट दाखवून म्हणायचे, "गव्हाचा फोटो हाय ना, त्या खोलीत जा."

एकदा सोयगावकडचे एक पाटील आले. पांढरं धोतर, काखेत पिशवी, बियाण्याची तक्रार घेऊन. ते माझ्या टेबलाशी आले, चित्राकडे पाहिलं, "मघाशी आलतो वाटतं," म्हणाले आणि गेले. दहा मिनिटांनी पुन्हा आले. पुन्हा चित्र पाहिलं, पुन्हा गेले. असं चौथ्यांदा झाल्यावर मीच त्यांना बसवलं.

पाटलांनी पिशवी टेबलावर ठेवली, घाम पुसला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, एक विचारू का? सहा खोल्या हिंडलो. परतेक खोलीत ह्योच गहू, ह्येच डोंगर."

"हो. मग?"

"न्हाय म्हणलं, ह्या वावराला सहा वाटेकरी हाईत का? अन् असले तर मोजणी कोन्त्या टेबलाला होते?"

* * *

आता युसूफभाईंबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

शेख युसूफ आमचे दफ्तरी. रेकॉर्ड रूम त्यांच्याकडे. सडपातळ, उंच, पांढरी दाढी नीट कातरलेली. साहेबांनी त्यांना बोलावून सहाही चित्रं त्यांच्या ताब्यात दिली. "युसूफभाई, धूळ नको, वाळवी नको, पाल नको. एक डाग दिसला, तर तुमची सोयगावला बदली!"

साहेबांना तोंडात आलेलं गाव बोलायची सवय होती. सोयगाव काही वाईट गाव नाही, माझे व्याही तिथंच असतात. पण बसनं तीन तास. आणि युसूफभाईंच्या बायकोचं, नसीमभाभींचं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असायचं. सकाळी सहाला ते त्यांना स्कूटरवर मागं बसवून दवाखान्यात न्यायचे आणि अकराला ऑफिसात हजर. घरात तिसरं माणूस नव्हतं. बदली झाली असती तर भाभींना मंगळवारी कोण नेणार आणि शुक्रवारी कोण नेणार, हे विचारायलाही कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "साहेबांना सांगून ठेवा. एक अर्ज लिहू, मी मसुदा करतो."

"नक्को भाऊसाहेब."

"का?"

"अर्ज इस टेबल से उस टेबल जाता. हर टेबल पे एक आदमी वाचतो, शेरा मारतो. मेरी बीवी की बीमारी पे शिक्के नक्को."

तेव्हापासून ते त्या चित्रांना जीव लावून जपू लागले. दाढीचा नवाकोरा ब्रश आणून फ्रेमची खाच न् खाच झाडायचे. चित्रामागं कडुनिंबाचा पाला ठेवायचे आणि दर सोमवारी बदलायचे. कोणी टाचणी घेऊन भिंतीजवळ गेलं, तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

एकदा दुसऱ्या खात्याचे एक अधिकारी आले. चित्रापाशी थबकले. "वा! कोणी काढलंय?"

युसूफभाई स्टुलावर उभे राहून काच पुसत होते. वळूनही न बघता म्हणाले, "काढलं कोणीतरी, साहेब. सांभाळतो मैं."

* * *

साहेबांचं वेड भिंतीवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांना स्टाफला रसिक करायचं होतं. दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी त्यांच्या केबिनमध्ये जमायचं आणि पाच मिनिटं गप्प बसून चित्र बघायचं. ज्या ऑफिसात हजेरीपत्रकाकडे कोणी पाच सेकंद बघत नव्हतं, तिथं हे!

पाच मिनिटं झाली की साहेब विचारायचे, "काय वाटलं? मोकळेपणानं बोला." मोकळेपणानं बोललं की काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं कोणी बोलायचं नाही. मी एकदा "छान" म्हणालो, तर साहेबांनी "छान म्हणजे काय?" यावर मला वीस मिनिटं ऐकवलं. आभाळ का फिरतंय, झाडं ज्वाळांसारखी का दिसतात, चित्रकाराच्या मनात काय चाललं होतं, सगळं. त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं माहीत नाही. माझ्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं.

एका बुधवारी आमच्या टायपिस्ट कांबळेबाईंनी हात वर केला. बाई कधी बोलायच्या नाहीत, त्यामुळे साहेब खुर्चीत पुढं सरकले.

"बोला कांबळेबाई, काय वाटतं?"

"साहेब, हे चित्र बघितलं की ह्या चार भिंतींत बसवत नाही. बाहेर पडावंसं वाटतं."

साहेब उभेच राहिले! "बघा! याला म्हणतात कलेची ताकद! शंभर वर्षांपूर्वीचा एक माणूस तिकडे बसून चित्र काढतो आणि इथं एका बाईला भिंती फोडून बाहेर जावंसं वाटतं! अजून काय वाटतं?"

"मग जाऊ का? वाळूजची बस पाच वीसला निघते."

* * *

एका सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी शुक्रवार आला. युसूफभाई त्या दिवशी दवाखान्यातच अडकले, ऑफिसला येऊ शकले नाहीत, म्हणून तसबिरींना हार घालायचं काम शामरावांवर आलं. मी त्यांना एवढंच म्हणालो होतो, "एकही फोटो सुटता कामा नये." चूक माझीच. सरकारी माणसाला सांगताना कमी सांगावं लागतं आणि मी पूर्ण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. पाहुणे म्हणून आमच्याच खात्यातले एक वयोवृद्ध निवृत्त अधिकारी आले होते. चहासाठी त्यांना आत आणलं. समोर भिंतीवर गहू, गव्हावर झेंडूचा जाडजूड हार आणि खाली दोन उदबत्त्या.

म्हातारे थांबले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. डोळे मिटून उभे राहिले. ते उभे म्हणून आम्हीही उभे. धारूरकर साहेबांचा चेहरा मी पाहिला नाही. माझी हिंमतच झाली नाही.

मिनिटभरानं त्यांनी डोळे उघडले आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "कोणत्या धरणात गेलं हे गाव?"

* * *

परतीच्या पावसानं एका दुपारी आमचं छत गळायला लागलं. नेमकं साहेबांच्या केबिनमध्ये, नेमकं चित्राच्या वर. साहेब मीटिंगला बाहेर. भिंतीत ओल उतरल्यानं फ्रेमचा खिळा फुगून अडकला होता, चित्र निघेना. मी धावत गेलो तर युसूफभाई टेबलावर उभे, हातात स्वतःची काळी छत्री, चित्रावर धरलेली. स्वतः नखशिखान्त भिजलेले.

"युसूफभाई, खाली उतरा! सर्दीनं मराल!"

"मरेन तर इधरच मरेन ना, भाऊसाहेब. सोयगाव में तो नहीं!"

दोन तास ते तसे उभे होते. मी मधून मधून हात बदलून छत्री धरली, तेवढं श्रेय माझंही. साहेब परतले तेव्हा केबिनमध्ये घोट्याएवढं पाणी होतं आणि खालच्या कपाटातल्या फाइली ओल्या भाकरीसारख्या झाल्या होत्या. गव्हावर थेंब नव्हता.

फाइलींकडे न बघता साहेब चित्राजवळ गेले. युसूफभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस या चित्राला दुसरा मिळणार नाही."

आम्हाला वाटलं, चला, सोयगाव टळलं. सरकारी नोकरीत कौतुकाला किती घाबरायला हवं, हे मला तोवर कळलं नव्हतं.

* * *

कारण पुढच्याच वर्षी धारूरकर साहेबांना बढती मिळाली. ते वरच्या ऑफिसात गेले. त्यांच्या जागी प्रभारी साहेब आले. ते भले गृहस्थ होते, समोर येईल तिथं सही करायचे.

दोन महिन्यांनी वरून आदेश आला. सोयगावला नवी इमारत झाली होती. तिच्या भिंती कोऱ्या होत्या. "सबब, आपल्या कार्यालयातील सहा चित्रे सोयगाव येथे हलवण्यात यावीत. सदर चित्रांच्या देखभालीचा अनुभव असलेले एकमेव कर्मचारी श्री. शेख युसूफ यांचीही चित्रांसोबत बदली करण्यात येत आहे." खाली सही धारूरकर साहेबांची!

सहा वर्षं माणसानं बदली टळावी म्हणून चित्रं जपली, आणि चित्रं फार चांगली जपली म्हणून त्याची बदली झाली. आदेश युसूफभाईंनी वाचला. खिशातून दवाखान्याचं कार्ड काढलं, पुढच्या मंगळवारची तारीख पाहिली आणि कार्ड परत खिशात ठेवलं.

"आता तरी अर्ज करा," मी म्हणालो.

"नक्को बोला ना, भाऊसाहेब."

मी आदेश पुन्हा वाचला. एवढी वर्षं कारकुनी केली, की माणूस आदेशाची शेवटची ओळ आधी वाचतो. शेवटची ओळ होती, "चित्रे सुस्थितीत असल्याचा दाखला सोबत जोडावा. सुस्थितीत नसल्यास पंचनामा करून अहवाल पाठवावा."

शेंडा छाटलेलं एक होतं, पण एकानं भागणार नव्हतं. बाकी पाच आरशासारखी लखलखीत होती. आणि खोटा पंचनामा मी जन्मात केला नव्हता, निवृत्तीला चार महिने असताना करणारही नव्हतो.

त्या दिवशी वेरूळचे साहेबराव दांडगे ऑफिसात आले होते. सत्तरीचे, जुने शेतकरी, आमच्याकडे कितीदा पंच म्हणून सही केलेले. मी त्यांना चित्रापुढं उभं केलं आणि म्हणालो, "काका, जे दिसतं ते सांगा. एक शब्द जास्त नको."

"खोटं मी सांगतच नाय," काका म्हणाले. डोळे बारीक करून त्यांनी चित्र पाहिलं. मग जवळ जाऊन पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "ह्याला पंच कशाला पायजे, भाऊसाहेब? आंधळ्याला बी दिसंल. समदा गहू लोळलाय की!"

मी कागद ओढला. "आणखी?"

"वारं लई झालेलं दिसतंय. झाडं पिळवटून निघालीत. आभाळाचं काय खरं नाय, अजून येणार. डोंगराची बी एक बाजू बसल्यावानी वाटते."

"हे एकाच ठिकाणी की सगळीकडे?"

काका सहाही खोल्या फिरून आले. "सहाच्या सहा. येक बी वाचलं नाय."

मी शब्दाला शब्द लिहून काढलं. "आज रोजी पंचांसमक्ष सहा चित्रांची पाहणी केली असता, सहाही चित्रांतील गव्हाचे उभे पीक पूर्णतः लोळलेले आढळून आले. झाडे वाऱ्याने पिळवटलेली असून पाठीमागील डोंगर एका बाजूस खचल्यासारखा दिसतो. आभाळ अस्थिर आहे. सबब चित्रे सुस्थितीत असल्याचा दाखला देता येत नाही." साहेबराव काकांनी सही केली, शामरावांनी दुसरे पंच म्हणून सही केली, प्रभारी साहेबांपुढं कागद ठेवला, त्यांनीही केली.

लखोटा बंद करताना युसूफभाई माझ्याजवळ आले. "भाऊसाहेब, ये कागज धारूरकर साहेब के पास जाएगा. त्यांनी ये तस्वीर रोज देखी है. तुमची पेन्शन अडकवतील."

"पंचनाम्यात खोटं काय आहे ते सांगा."

ते चित्राकडे वळले. सहा वर्षं त्यातली काडी न् काडी पुसलेला माणूस, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्यासारखं बघत राहिले. "खोटं काही नाही," शेवटी म्हणाले.

तीन आठवडे गेले. मंगळवारी आणि शुक्रवारी ते अकराला येत, आल्याबरोबर माझ्याकडे बघत, मी मान हलवत असे. माझी तर झोप उडाली होती. धारूरकर साहेबांनी आम्हाला बुधवारच्या बुधवार त्या आभाळाचा एकेक वळसा समजावून सांगितला होता. त्यांना पंचनामा कळणार नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

चौथ्या सोमवारी पत्र आलं. हिरव्या शाईतली सही त्यांचीच. मी उभ्या उभ्या फोडलं, युसूफभाई माझ्या खांद्यावरून वाचू लागले. दोनच ओळी होत्या.

"पंचनामा पाहिला, नुकसान मान्य आहे. चित्रे व श्री. शेख युसूफ यांना आहे त्याच ठिकाणी ठेवावे आणि पीक पुन्हा उभे राहिल्यावर या कार्यालयास कळवावे."